नुसता आकडा पुरत नाही

आज दिवसभर आयओआर या स्टोरेजचा वेग मोजणाऱ्या बेंचमार्क प्रोग्रामच्या जुन्या लॉग फाइल्स उपसत होते. स्टोरेज बेंचमार्कच्या निकालांतून मेटाडेटा, म्हणजे चाचणी कशी घेतली याचा तपशील, काढणारं टूल पायथनमध्ये लिहितेय. आज त्याने अख्खं फोल्डर कुठेही न अडता वाचलं. फार बरं वाटलं!

आयओआर शेवटी वेग दोनदा छापतो, आधी एमआयबीमध्ये (१०२४ × १०२४ बाइट्स), मग कंसात एमबीमध्ये (दहा लाख बाइट्स). फरक जवळपास ५ टक्क्यांचा. कुणी कुठला उचलला हेच नोंदलं नसेल, तर तुलना करायची कशी?

त्याहून मोठा प्रश्न कॅशचा, म्हणजे मेमरीत तात्पुरत्या ठेवलेल्या डेटाचा. ज्या नोडने, म्हणजे क्लस्टरमधल्या ज्या संगणकाने, फाइल लिहिली त्यानेच ती लगेच वाचली, तर डेटा मेमरीतूनच येऊ शकतो. वेग डोळे दिपवणारा, पण तो स्टोरेजचा नव्हेच. वाचन दुसऱ्या नोडकडे सरकवायला कमांडमध्ये मोठ्या सीचा (-C) पर्याय द्यावा लागतो. तो दिला होता का, हे टूल आता टिपतं. मला हीच नोंद सगळ्यांत मोलाची वाटते.

लस्टर या समांतर फाइल सिस्टिमचा स्ट्राइप काउंट, म्हणजे फाइल किती स्टोरेज टार्गेट्सवर विभागली आहे तो आकडा, मात्र या लॉगमध्ये सापडत नाही. तो चाचणी चालू असतानाच सिस्टिमला विचारून ठेवायला हवा. उद्या चाचणी चालवणाऱ्या जॉब स्क्रिप्टमध्ये तो विचारणारी ओळ घालतेय.