पाणी कधी सुटणार?

ताम्हिणी घाट फेब्रुवारीत रिकामा असतो. पावसाळ्यात तिथे धबधब्यांपेक्षा माणसंच जास्त कोसळतात, म्हणून ही बातमी फार पसरू नये अशी माझी स्वार्थी इच्छा आहे. पौडच्या पुढे पहाटे चहा मिळाला नाही, ही तक्रार सोडली तर कोथरूड ते कोलाड रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. हां, गाडी मेहुण्याची होती, इलेक्ट्रिक. घाट उतरताना बॅटरी आपोआप थोडी भरते, म्हणून त्याने प्रत्येक वळणावर मला स्क्रीन बघायला लावली. दोन टक्के वाढली. फक्त पेढे वाटायचे राहिले.

कुंडलिकेच्या काठावर पोचलो तर नदीत गोटे, शेवाळ आणि एक म्हैस. पाणी घोट्याएवढं. आम्ही सगळे राफ्टिंगवाले लाईफ जॅकेट चढवून, हेल्मेटं बांधून तयार. माझ्या हेल्मेटच्या पट्ट्याला आधीच्या गिऱ्हाइकाच्या घामाचा वास येत होता. तो विसरावा म्हणून गाईडला विचारलं, "दादा, पाणी कधी सुटणार?"

"वर मशीन चालू झाली की."

म्हणजे भिऱ्याच्या वीजघरातली. तिकडे मुळशीला मुळा नदी अडवलीय. ते पाणी सह्याद्रीच्या पोटातून सुमारे ५०० मीटर खाली भिऱ्याला आणतात, त्यावर टर्बाइन फिरतात, वीज मुंबईला जाते आणि वापरून झालेलं पाणी कुंडलिकेत येतं. टाटांची ही योजना १९२७ पासून चालू आहे. पैसे भरून रांगडी नदी बघायला आलो आणि ती बटणावर चालते म्हटल्यावर मला जरा फसवल्यासारखं वाटलं.

मेहुण्याला मात्र जोर चढला. "दाजी, म्हणून सांगतो, सोलर बसवा. कुणाच्या मशीनची वाट बघायला नको."

"आणि संध्याकाळी सात वाजता? तुझं पॅनेल झोपलेलं, आणि अख्ख्या पुण्यात दिवे, टीव्ही, मिक्सर चालू."

"तेव्हा ग्रिडमधून घ्यायची."

ग्रिडमधून म्हणजे आपल्याकडे बहुतेक कोळशातून. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र एकटं २९२० मेगावॉटचं. ते रात्रंदिवस चालतं हे खरं, पण धूर आणि राख चंद्रपूरकरांच्या वाट्याला, आणि आपण इथे बिनधुराची गाडी म्हणून मिरवायचं. बरं, थंड पडलेला कोळशाचा संच पुन्हा पेटवायला तास न् तास जातात. पाण्याचं टर्बाइन काही मिनिटांत जोर धरतं, हा त्याचा खरा गुण. शिवाय भिऱ्यालाच १५० मेगावॉटचा असा एक संच आहे, जो वीज जास्त झाली की खालचं पाणी पुन्हा वर चढवून ठेवतो. पवनचक्क्यांचं म्हणाल तर साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरची पाती पावसाळ्यात, नेमकी ऊन गायब असताना, भन्नाट फिरतात. म्हणजे ऊन आणि वारा एकमेकांना सांभाळून घेतात, हे मी मेहुण्याला कबूल केलं. पण मागणी आली म्हणून वारा सुटत नाही.

तेवढ्यात गाईड ओरडला, "आलं!" आधी काहीच दिसलं नाही. मग गोट्यांच्या फटींतून एक काळी ओल सरकत आली, राखाडी दगड एकेक करून काळे पडले, म्हैस कंटाळून उठली, आणि थोड्याच वेळात आमचा राफ्ट तळाला घासायचा थांबून डुलायला लागला. पुढचं राफ्टिंग झकास झालं. त्याबद्दल लिहायला इंटरनेटवर कमी लोक नाहीत.

परतीच्या वाटेवर मुळशीच्या जलाशयाकाठी जेवायला थांबलो. निळंशार पाणी, सेल्फीवाले, कणसं. याच पाण्याखाली गावं आणि भातखाचरं गेली. १९२१ मध्ये सेनापती बापट मुळशीच्या मावळ्यांना घेऊन सत्याग्रहाला उभे राहिले, तुरुंगात गेले, आणि धरण झालंच. मुळेचं पाणी एरवी भीमेतून उजनीला, सोलापूरकडे गेलं असतं. आता ते कोकणात उतरतं. कुंडलिका उन्हाळ्यात वाहती राहते, रोह्याजवळच्या धाटावच्या कारखान्यांना पाणी मिळतं, गाईडच्या पोरांना रोजगार मिळतो. त्यांना जाऊन पाणी परत द्या म्हणायचं कुणी? जलविद्युत स्वच्छ असते, असं शाळेत आम्हाला एका ओळीत शिकवलं होतं.

घाट चढून बॅटरी बरीच उतरली होती. मेहुण्याने ॲपमध्ये बघून ठेवलेला चार्जर बंद निघाला, म्हणून हॉटेलमालकाला विनवून पंधरा अँपिअरच्या प्लगला गाडी लावली. पिठलं-भाकरी यायच्या आत लाईट गेली. धरण इतकं जवळ, की बसल्या जागेवरून भिंत दिसत होती. मालक सवयीने उठला, मागे गेला आणि डिझेल जनरेटर सुरू केला. गाडीवरचा हिरवा दिवा पुन्हा लुकलुकायला लागला. धूर सरळ आमच्या ताटांवर. बिलात "जनरेटर चार्जेस" वेगळे लावले होते, त्यावरून मेहुण्याने बराच वेळ हुज्जत घातली. मी दुसरी भाकरी मागवली.