तुम्ही विचारलंत म्हणून: लोगो आहे ना, मग मॅस्कॉट कशाला?

मॅस्कॉट, म्हणजे कंपनीच्या किंवा स्पर्धेच्या वतीने लोकांसमोर येणारं चित्रातलं पात्र, काढून देणं हे माझं काम, आणि कोटेशन पाठवलं की बहुतेक जण फोन करून हेच विचारतात, मॅडम, लोगो आहेच की आमच्याकडे, मग या वाघाचे नाहीतर हत्तीचे वेगळे पैसे कशाला? फोनवर घाईत काहीतरी सांगते मी, पण प्रश्न अगदी रास्त आहे म्हणून एकदा नीट लिहिते.

लोगो म्हणजे सही. सही ओळख पटवते, पण ती तुमच्याशी बोलत नाही, रुसत नाही, पावसात भिजत नाही. मॅस्कॉट हे सगळं करतो.

आपल्याकडे आधी होती ती छाप. माझी आजी शाळेत गेलेली नव्हती, दुकानात जाऊन ती "माकडछाप दे रे" म्हणायची आणि काळी टूथ पावडर घेऊन यायची, डबीवर काय लिहिलंय याच्याशी तिला देणंघेणंच नव्हतं. दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत शाईचा धंदा सुरू केला तोही घोडा छाप नावाने, उंट नंतर आला आणि पुढे थेट कंपनीच्या नावातच जाऊन बसला, कॅमल आणि इंक मिळून कॅमलिन. म्हणजे चित्र बघून माल ओळखायची सवय आपल्याला आधीपासूनच आहे. पण डबीवरचं माकड जिथल्या तिथेच बसून राहतं हो, आणि मला वाटतं खरा फरक तिथेच पडतो.

एअर इंडियाचा महाराजा बघा. १९४६ साली एअर इंडियातले बॉबी कूका आणि जाहिरात कंपनीतले चित्रकार उमेश राव या दोघांनी मिळून तो घडवला, मोठा फेटा, लांब मिशा, कमरेत वाकलेला. एवढंच असतं तर तीही छापच झाली असती, पण त्याला पोस्टरवर कुठे कुठे पाठवलं त्यांनी, टोकियोला गेला की सुमो पैलवान, पॅरिसला गेला की प्रेमवीर, आणि प्रत्येक ठिकाणी माणूस तोच. कपडे बदलले तरी स्वभाव ओळखू येतो, तेव्हा मॅस्कॉट जमला असं मी समजते.

आणि गट्टू! त्याच्यावर माझा फार जीव आहे. १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी एशियन पेंट्ससाठी काढलेला तो कपाळावर झुलपं आलेला पोरगा, एका हातात डबा, दुसऱ्या हातात रंग ठिबकणारा ब्रश. नाव ठेवायला स्पर्धा घेतली होती, ५०० रुपये बक्षीस, आणि मुंबईच्याच दोघांनी एकच नाव सुचवलं. रंगाचा डबा ही किती रुक्ष वस्तू असते, पण हा पोरगा आता काहीतरी सांडणार असं वाटायचं आणि ते बघून घर रंगवायचं काम पण मजेचं वाटायला लागायचं. आमच्या चाळीतले रंगारीसुद्धा गट्टूवाला डबा आणा असंच सांगायचे. २००० नंतर कंपनीने त्याला निरोप दिला, गिऱ्हाईक बदललं होतं, बोलायची भाषा बदलायची होती, कारणं कळतात मला पण पटलेलं अजून नाही.

खेळातलं थोडं वेगळं असतं. मुळात फ्रेंचमध्ये मॅस्कॉट म्हणजे नशीब घेऊन येणारं कुणीतरी, १८८० साली पॅरिसमध्ये त्या नावाचा ऑपेराच आला आणि तिथून शब्द सगळीकडे पसरला. १९६६ च्या फुटबॉल वर्ल्ड कपला इंग्लंडचा विली सिंह होता, १९७२ ला म्युनिकच्या ऑलिंपिकला वाल्डी नावाचा डॅक्सहुंड, आणि मॅरेथॉनचा रस्तासुद्धा त्या कुत्र्याच्या आकाराचा आखला होता! १९८० ला मॉस्कोत समारोपाला मीशा अस्वल फुगे बांधून आकाशात सोडलं. त्या ऑलिंपिकवर कितीतरी देशांनी बहिष्कार टाकला होता, पण अस्वलावर कुणाचा राग नव्हता. स्पर्धा पंधरा दिवसांत संपते, पदकं कुणाला मिळाली ते विसरायला होतं, पण तो प्राणी मनात राहतो.

माझंच सांगते. १९८२ च्या दिल्लीच्या एशियाडला मी सात वर्षांची, डोंबिवलीत शेजारच्या काकूंच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर अप्पू हत्ती बघितला आणि वहीच्या मागच्या सगळ्या पानांवर तोच काढत बसले. कोण जिंकलं ते आज नाही आठवत, अप्पूची सोंड मात्र डोळे मिटून काढून दाखवीन. पुण्यात २००८ ला बालेवाडीत युवा राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या, त्यांचा मॅस्कॉट जिगर नावाचा वाघाचा बछडा होता, तेव्हा लहान असलेली पोरं आता माझ्याकडे कामाला येतात आणि त्यांना तो बरोब्बर आठवतो.

अमूलची मुलगी १९६६ पासून आहे, युस्टेस फर्नांडिस यांनी काढलेली, ठिपक्यांचा फ्रॉक आणि निळे केस, आणि ती टिकली कारण तिला रोज काहीतरी म्हणायचं असतं, क्रिकेट असो, निवडणूक असो की सिनेमा. बिचारी बाकीची चित्रं एकदा पाकिटावर छापली की कुणी ढुंकून बघत नाही. माझा एक ससा असाच एका दुकानाच्या पाटीवर नऊ वर्षं एकाच पोझमध्ये हात हलवतोय, तिथून जाताना मला खरंच वाईट वाटतं.

म्हणून मी एकच चित्र देत नाही. चिडलेला, दमलेला, दिवाळीचा, पावसातला, पाठमोरा अशा निदान बारा पोझ देते आणि सोबत एक पान, की हा कसा बोलेल, काय कधीच बोलणार नाही, कुणाला अहो म्हणेल आणि कुणाला अरे. पैसे जास्त लागतात ते त्या पानाचे, ते लिहायला चित्रापेक्षा जास्त दिवस जातात.