आमची वाटचाल : फक्त रक्तवाहिन्यांसाठी एक केंद्र

केंद्र सुरू करतानाच आम्ही ठरवलं होतं की पोटाची सोनोग्राफी, छातीचा एक्स-रे, गुडघ्याचा एमआरआय यातलं काहीही करायचं नाही. फक्त रक्तवाहिन्या. धमन्या, शिरा आणि जिथे त्या जन्मतःच चुकीच्या जोडल्या गेल्या आहेत त्या जागा. "एवढ्यावर मशीनचे हप्ते निघतील का?" हे बँकेनेही विचारलं आणि घरच्यांनीही. प्रश्न रास्त होता.

मी रेडिओलॉजिस्ट. आधी एका मोठ्या रुग्णालयात नोकरी करत होते. तिथे यंत्रं उत्तम होती, माणसं हुशार होती, फक्त वेळ नव्हता. बाकीच्या सोनोग्राफींच्या रांगेत पायाच्या धमन्यांचं डॉपलर, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह बघायची तपासणी, आलं की सगळ्यांनाच घाई व्हायची, कारण मांडीपासून घोट्यापर्यंत दोन्ही पाय नीट बघायचे तर बराच वेळ लागतो. माझे भागीदार सीटीचे अनुभवी तंत्रज्ञ. त्यांचीही तीच तक्रार होती. आम्ही दोघांनी मिळून एका डॉपलर मशीनवर सुरुवात केली.

या तपासणीला एवढा वेळ कशाला, हे थोडं सांगते. डॉपलर रक्ताचा वेग मोजतं, पण तो थेट मोजत नाही. प्रवाहाची दिशा आणि ध्वनिलहरींची दिशा यांतला कोन आपण पडद्यावर रेघ फिरवून सांगतो, आणि त्यावरून मशीन हिशोब करतं. हा कोन 60 अंश किंवा त्याहून कमी ठेवायचा असतो. 60 वर असताना पाच अंश इकडेतिकडे झाले तर वेगाचा आकडा साधारण 13 ते 18 टक्क्यांनी हलतो. मेंदूकडे जाणाऱ्या कॅरोटिड धमनीत सेकंदाला 125 सेंटिमीटरच्या वर वेग गेला की निम्मी किंवा त्याहून जास्त अरुंद झाल्याचा संशय घेतात, आणि 230 च्या वर गेला की 70 टक्के किंवा त्याहून जास्त. म्हणजे रेघ नीट न लावणाऱ्या हाताने एखाद्याला विनाकारण ऑपरेशनच्या चर्चेपर्यंत नेता येतं, किंवा ज्याला नेण्याची गरज होती त्याला घरी पाठवता येतं. म्हणून आमच्याकडे नवीन आलेल्याला आधी भरपूर दिवस फक्त कोन लावायला बसवतात. कंटाळवाणं काम आहे, पण मी त्यात सूट देत नाही.

पहिली काही वर्षं ज्या कामाने आम्हाला जगवलं ते दुर्मीळ आजारांचं नव्हतं. पायाच्या खोल शिरेतली गुठळी, व्हेरिकोज व्हेन्स, मधुमेहींच्या पायाच्या धमन्या, डायलिसिससाठी फिस्चुला (धमनी आणि शीर यांची शस्त्रक्रियेने केलेली जोडणी) करण्याआधी हाताच्या शिरा मोजणं. ही कामं रोजची असतात आणि ती नीट झाली तरच दुर्मीळ गोष्ट आली तेव्हा डोळ्यांत भरते. खोल शिरेतल्या गुठळीचीच तपासणी घ्या. प्रोब, म्हणजे मशीनचा हातात धरायचा भाग, मांडीवर आडवा धरायचा, हलकेच दाबायचं. निरोगी शीर मिटून जाते, शेजारची धमनी गोल उभी राहते. शीर मिटली नाही तर आत गुठळी आहे. गंमत अशी, की ताजी गुठळी पडद्यावर रक्तासारखीच काळी दिसू शकते. डोळ्याला शीर मोकळी वाटते आणि हाताला कळतं की ती दबत नाहीये. म्हणून दर दोन सेंटिमीटरला दाबत दाबत खाली जायचं, मधला टप्पा गाळायचा नाही.

तसंच रक्तदाबाचं. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाचा रक्तदाब दोन्ही हातांत घेतात, बहुतेकांचा घोट्यालाही. घोट्याचा दाब भागिले दंडाचा दाब, हे गुणोत्तर 0.90 किंवा खाली असेल तर पायाच्या धमन्यांत अडथळा आहे असं धरतात. 1.40 च्या वर गेलं तर धमनी कॅल्शियमने इतकी कडक झालेली असते की पट्ट्याने दबतच नाही. मधुमेहात हे वरचेवर दिसतं, आणि मग अंगठ्याचा दाब घ्यावा लागतो. या साध्या पट्ट्यानेच आम्हाला ताकायासू आजाराची पहिली रुग्ण दाखवली. तरुण मुलगी, हात दुखतो म्हणून आलेली, तोवर मानेच्या मणक्यांवर उपचार चालू होते. एका हाताचा दाब दुसऱ्यापेक्षा खूपच कमी. कॅरोटिडवर प्रोब ठेवला तर धमनीची भिंत चहूबाजूंनी सारखी जाड झालेली. जपानी नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासू यांनी 1908 मध्ये अशाच एका तरुण स्त्रीच्या डोळ्यांतल्या रक्तवाहिन्यांतले बदल नोंदवले होते. हा आजार महाधमनी आणि तिच्या फांद्यांच्या भिंतींना सूज आणतो. लवकर कळला तर औषधांनी आवरता येतो. दोन्ही हातांत पट्टा बांधायला दोन मिनिटं लागतात, आणि ती दोन मिनिटं सगळीकडे मिळावीत असं मला फार मनापासून वाटतं.

आमच्या कामाची दिशा खरी बदलली ती एका धावपटूमुळे. विशीतला मुलगा, थोडं अंतर धावलं की पोटरी दगड होते, थांबलं की बरं वाटतं. डॉपलर स्वच्छ, घोट्याचं गुणोत्तर उत्तम. त्याच्या हातात आधीचे दोन नॉर्मल रिपोर्ट होते. आम्ही त्याला पालथा झोपवला, प्रोब गुडघ्याच्या मागच्या खळगीत धरला आणि सांगितलं, "आता पाऊल खाली ढकल, गाडीचा पेडल दाबल्यासारखं." पडद्यावरचा धमनीतल्या प्रवाहाचा लाल पट्टा बारीक झाला आणि दिसेनासा झाला. पाऊल सैल सोडलं की परत आला. पोटरीच्या स्नायूची आतली बाजू जन्मतःच वेगळ्या जागी जोडली गेली होती आणि ती धमनीला दाबत होती. वर्षानुवर्षं असं दबत राहिलं तर धमनीची भिंत बिघडून ती कायमची बंद होऊ शकते. एमआरआयने स्नायूची रचना दाखवली, मग शस्त्रक्रिया झाली.

पण इथे सांभाळून बोलायला हवं. जोर लावून पाऊल ढकललं तर निरोगी माणसाची धमनीसुद्धा दबू शकते. त्यामुळे नुसत्या चित्रावर निदान होत नाही, त्रास आणि चित्र जुळावं लागतं. त्या मुलानंतर आम्ही आमची पद्धत कागदावर उतरवली: कुठल्या त्रासाला कुठल्या स्थितीत बघायचं. जेवणानंतर पोट दुखतं, वजन उतरलंय, तर पोटातली सीलिॲक धमनी श्वास आत घेऊन आणि सोडून, दोन्ही वेळा बघायची. छाती आणि पोट यांमधल्या श्वासपटलाचा पट्टा तिला दाबत असेल तर श्वास सोडल्यावर वेग वाढतो. गुडघा वाकवल्यावर घोट्याची नाडी जाते, तर धमनीच्या भिंतीत पाण्याची गाठ आहे का ते शोधायचं. हात वर केल्यावर मुंग्या येतात, तर हात वर करूनच. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात एकेका माणसाला त्यासाठी भरपूर वेळ द्यावा लागतो, आणि दिवसाला किती जण तपासायचे हा आकडा आम्ही तेव्हापासून मुद्दाम खाली ठेवला. हिशोबाच्या वहीत तो निर्णय बराच काळ बोचत राहिला.

सीटी घेतलं तेव्हा कर्ज मोठं होतं. वेगवान मशीन, पोटापासून पायाच्या बोटांपर्यंतच्या धमन्या काही सेकंदांत. पहिल्याच महिन्यांत माझे भागीदार एका स्कॅनकडे बघत म्हणाले, "मॅडम, टेबल पुढे गेलं, रक्त मागे राहिलं." मांडीपर्यंत धमन्या पांढऱ्याशुभ्र, पोटऱ्यांत काहीच नाही. धमन्या बंद होत्या म्हणून नव्हे. त्या माणसाच्या पोटातली महाधमनी फुगलेली होती, तिथे धमन्या पांढऱ्या दिसाव्यात म्हणून शिरेत टोचलेलं औषध रेंगाळत होतं आणि मशीन त्याच्या आधीच पावलापर्यंत पोचलं होतं. लगेच पोटऱ्यांचा दुसरा स्कॅन घेतला तर धमन्या भरलेल्या. आता पायांच्या प्रत्येक तपासणीत तो दुसरा टप्पा तयार ठेवलेला असतो, गरज पडली तरच वापरायचा, कारण किरणं उगाच द्यायची नाहीत. टेबलाचा वेगही आम्ही हृदयाची ताकद आणि धमन्यांची अवस्था बघून कमी करतो. मशीनचं सगळ्यात महागडं वैशिष्ट्य म्हणजे वेग, आणि आम्ही तो बऱ्याचदा वापरत नाही.

नवीन तंत्रज्ञांना हे शिकवताना मी त्यांना 1896 चं एक चित्र दाखवते. राँटगेन यांच्या एक्स-रेची बातमी जगभर पसरली त्याच जानेवारीत व्हिएन्नात हाशेक आणि लिंडेनथाल यांनी शरीरापासून वेगळ्या केलेल्या एका हातात चुन्याचं आणि पाऱ्याच्या संयुगाचं मिश्रण भरून त्याच्या रक्तवाहिन्यांचं चित्र घेतलं. चित्र सुरेख आहे, बोटांच्या टोकापर्यंतची जाळी दिसते. पण त्या हातात रक्त वाहत नव्हतं. जिवंत माणसाच्या मेंदूच्या धमन्या दिसायला 1927 मध्ये एगास मोनिझ यावे लागले, आणि सुई, तार, नळी या क्रमाने धमनीत सुरक्षित शिरायची पद्धत स्वेन सेल्डिंगर यांनी 1953 मध्ये मांडली. अशी धमनीत नळी घालून केलेली कॅथेटरची अँजिओग्राफी आम्ही स्वतः करत नाही. पण काही ठिकाणी तिला पर्याय नाही, हे रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहितो. मूत्रपिंडाच्या धमनीत फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेसिया या धमनीच्या भिंतीच्या आजारामुळे मण्यांच्या माळेसारखे चढउतार होतात, त्यातले बारीक सीटीत निसटू शकतात.

मुलांचं काम नंतर आलं आणि आता ते माझ्या मनाच्या सगळ्यात जवळचं आहे. बाळाच्या गालावर किंवा पाठीवर लालनिळी गाठ दिसली की घरचे घाबरून जातात. पहिली तपासणी साध्या डॉपलरची: प्रवाह जोरात आहे की मंद? बाळपणीचा हिमँजिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या पेशी वाढून झालेली गाठ, पहिल्या काही महिन्यांत भराभर वाढतो आणि मग वर्षांगणिक ओसरतो. गरज पडलीच तर प्रोप्रानोलोल हे औषध आहे, 2008 पासून त्याचा उपयोग माहीत झालाय. शिरांची जन्मजात विकृती मात्र ओसरत नाही, मुलाबरोबर वाढते. तिच्यात प्रवाह मंद असतो, दाबलं की गाठ बसते, आत कधी खड्यासारखे कॅल्शियमचे कण सापडतात. आणि धमनी थेट शिरेला जोडलेली असेल तर प्रवाह जोरदार, उपचार पूर्ण वेगळा. मलिकेन आणि ग्लोवॅकी यांनी 1982 मध्ये पेशींची वाढ असलेल्या गाठी आणि रचनेतला दोष असलेल्या गाठी असे दोन गट केले, आजची वर्गवारी त्याच पायावर उभी आहे. तरी सगळ्यांना एकच नाव चिकटवलेल्या फायली आमच्याकडे अजून येतात, आणि चुकीच्या नावामुळे मूल चुकीच्या उपचारात अडकतं. एमआरआय आमचं स्वतःचं नाही. एका केंद्राशी बोलून मुलांसाठी वेळ राखून घेतली आहे आणि स्कॅनच्या वेळी मी तिथे जाऊन बसते.

फुप्फुसातल्या अशाच जोडणीबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. धमनी आणि शीर तिथे थेट जोडल्या गेल्या की फुप्फुसाची चाळणी मध्ये राहत नाही. गुठळी किंवा जंतू सरळ मेंदूकडे जाऊ शकतात. वारंवार घोळणा फुटणाऱ्या, ओठांवर-जिभेवर लाल ठिपके असलेल्या माणसांत ही जोडणी शोधावी लागते, कारण तो घराण्यात उतरणारा आजार असू शकतो आणि प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. त्या निदानाला सीटीत औषध टोचायचीही गरज बहुतेक वेळा नसते, बारीक कापांचा साधा स्कॅन पुरतो. शिरेतून काही द्यायचंच झालं तर हवेचा एक बुडबुडाही जाऊ द्यायचा नाही, ही सूचना आमच्या इंजेक्शनच्या टेबलावर मोठ्या अक्षरांत लावली आहे.

आलेल्या प्रत्येकात काहीतरी शोधून काढायचा मोह आम्ही टाळतो. डावा पाय सुजतो तेव्हा उजव्या पायाकडे जाणारी इलियाक धमनी डाव्या पायाकडून येणाऱ्या शिरेला मणक्यावर दाबते आहे का ते बघतात. मे आणि थुर्नर यांनी 1957 मध्ये 430 शवविच्छेदनांतल्या सुमारे 22 टक्क्यांत त्या जागी शिरेच्या आत बदल नोंदवले होते. म्हणजे हे इतक्या जणांत असतं आणि बहुतेकांना आयुष्यात काही होत नाही. त्यामुळे आम्ही "शीर दबलेली दिसते" एवढ्यावर थांबत नाही. गुठळी आहे का, पर्यायी शिरा तयार झाल्यात का, सूज कधीपासून, हे सगळं लिहितो, आणि काही करायची गरज वाटत नसेल तर तसंही लिहितो. काही डॉक्टरांना असे रिपोर्ट लांबलचक वाटतात. ज्यांना ते हवेत त्यांनीच आमचं केंद्र चालवलं.

शस्त्रक्रिया करणाऱ्यांकडून आत काय सापडलं ते आम्ही फोन करून विचारतो आणि मूळ स्कॅनशेजारी नोंदवतो. ती वही आता संगणकावर आहे, आणि दर आठवड्याला एका दुपारी सगळे मिळून त्यातली एक केस उघडतो. मशीनचं कर्ज फिटत आलंय. पुढच्या वर्षापासून आठवड्यातला एक पूर्ण दिवस फक्त मुलांसाठी ठेवायचा आहे: झोपेतल्या बाळाला न उठवता तपासता येईल अशी खोली, तान्ह्यांसाठी छोटा प्रोब, आणि त्याच दिवशी शस्त्रक्रियेच्या आणि त्वचेच्या डॉक्टरांना एकत्र बसवून घरच्यांना एकदाच सगळं समजावून सांगायची सोय. खोलीचं काम सुरू झालं आहे, प्रोबची ऑर्डर गेली आहे, त्वचेच्या डॉक्टरांनी होकार कळवला आहे. सर्जनची वेळ मिळवायची तेवढी बाकी आहे.