दारातली जास्वंद आणि पाकिटातला हिबिस्कस टी

बाजारात जो हिबिस्कस टी मिळतो ना, गडद लाल, वाळलेल्या सालींसारखे तुकडे असतात बघा पाकिटात, त्यात जास्वंद नसते. ती लाल अंबाडीची बोंडं असतात. हे मी आतापर्यंत इतक्या जणींना सांगितलंय की आता सरळ लिहूनच टाकते, कारण परवा परत मावशीचा फोन, "अगं तो लाल चहा बीपीला चांगला म्हणे, मग विकत कशाला आणू, मी आपली दारातलीच जास्वंद उकळून पितेय रोज सकाळी." म्हटलं मावशी थांब जरा, गोळी चालू आहे ना तुझी, आणि ते झाडच वेगळं आहे गं.

दोन्ही एकाच कुळातली, म्हणून इंग्रजीत दोघींना हिबिस्कसच म्हणतात आणि तिथेच सगळा गोंधळ होतो. पण लाल अंबाडीचं फूल फिकट पिवळसर असतं, मध्ये गडद किरमिजी डोळा. पाकळ्या गळून गेल्या की खालचा निदलपुंज, म्हणजे फुलाला खालून धरणारी वाटी, फुगतो, मांसल लाल होतो आणि आंबटढाण लागतो, तो वाळवून चहा करतात, इजिप्त-सुदानकडे त्याला करकडे म्हणतात. आपल्याकडे विदर्भात याच बोंडांची चटणी, सरबत करतात, आणि अंबाडीची पालेभाजी तर काय, ज्वारीच्या कण्या घालून वरून लसणाची फोडणी, ती माहीत नाही असं घर मिळणार नाही. बीपीचा जो अभ्यास सगळे फॉरवर्ड करतात तो या अंबाडीचा आहे. अमेरिकेत बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठातल्या लोकांनी 2010 मध्ये छापला, 65 जण होते, बीपी थोडंसं वर असलेले पण औषध सुरू नसलेले, त्यांना 6 आठवडे रोज 3 कप हा चहा दिला तर वरचा आकडा सरासरी 7 ने उतरला, आणि ज्यांना नुसतं त्याच चवीरंगाचं पाणी दिलं त्यांचा जेमतेम 1 ने. चांगलाच आहे की रिझल्ट, पण तो अंबाडीच्या खात्यात जमा करा, जास्वंदीच्या नाही. घरच्या घरी फरक ओळखायचा तर चव बघा, पाकिटातला चहा चिंचेइतका आंबट, आणि जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात टाकल्या तर पाणी जांभळट, चव जवळपास नाहीच आणि थोडंसं बुळबुळीत. लिंबू पिळलं की तेच पाणी झर्रकन गुलाबी होतं, मुलांना दाखवायला मस्त.

मग जास्वंद कशासाठी? मला खरं तर याचंच वाईट वाटतं, की हिची स्वतःची एवढी जुनी ओळख असताना तिला दुसऱ्याचं काम चिकटवतात. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात पुष्पवर्गात, म्हणजे फुलांच्या भागात, ही जपा नावाने आहे, आणि तिथे दोनच गोष्टी ठळक सांगितल्यात, संग्राही आणि केश्य. संग्राही म्हणजे धरून ठेवणारी, जास्त वाहून जाणारं थांबवणारी, आणि केश्य म्हणजे केसांना हितकर. राजनिघंटू या औषधी वनस्पतींच्या जुन्या कोशात तर इंद्रलुप्तावर, म्हणजे आपण जिला चाई पडणं म्हणतो त्यावर हिचं नाव येतं, आणि सोबत सूर्याच्या पूजेचं फूल म्हणूनही. नवग्रह स्तोत्रात पहिल्याच ओळीत सूर्याला जपाकुसुमाची उपमा आहे, लहानपणी संध्याकाळी दिवा लावून म्हटलेलं सगळ्यांना आठवत असेल. गंमत म्हणजे राजनिघंटू हिला उष्ण म्हणतो आणि आताची बरीच पुस्तकं शीत म्हणतात, त्यामुळे "जास्वंद थंडच असते" असं कुणी छातीठोकपणे सांगितलं की मी जरा सावध होते.

तर केस. इथे सगळे फुलामागे लागतात आणि पानाकडे कुणी बघत नाही. 2003 मध्ये पांढऱ्या उंदरांवर केलेला एक प्रयोग छापून आला होता, पानाचा अर्क आणि फुलाचा अर्क वेगवेगळा लावून बघितला, तर केसांच्या वाढीला पानाचा अर्क फुलापेक्षा सरस ठरला. उंदीर तो उंदीर, त्यावरून टक्कलावर केस येतील असं मी अजिबात म्हणणार नाही, पण केरळात पिढ्यानपिढ्या बायका जास्वंदीच्या पानांची ताळी, म्हणजे पाण्यात चोळून काढलेला बुळबुळीत रस, करून केस धुतात, कोकणातही पानं चोळूनच केस धुवायची पद्धत होती, त्या बायकांनी पानच का निवडलं ते हाताला लगेच कळतं. मूठभर पानं घ्या, कोवळी लुसलुशीत नको, चांगली हिरवी तयार झालेली, धुऊन तासभर पाण्यात ठेवा आणि त्याच पाण्यात दोन्ही हातांनी चोळा. आधी नुसतं हिरवं पाणी होतं, मग थोडा फेस, आणि मग अचानक ते पाणी जड व्हायला लागतं, बोटांमधून तार सुटते, अंड्याच्या पांढऱ्यासारखी. हा जो बुळबुळीत चिकटा आहे तोच कामाचा, तो केसावर बसतो म्हणून केस मऊ होतात, गुंता सुटतो. मात्र पातळ सुती कापडातून गाळल्याशिवाय लावू नका, मिक्सरमधून काढून तसंच डोक्यावर थापलं तर पानांचे कण दोन दिवस निघत राहतात. फार तेलकट डोकं असेल तर हे एकटं पुरत नाही, थोडी शिकेकाई घालावीच लागते.

आता तेल. दुकानात जास्वंद तेल म्हणून लालभडक तेल मिळतं आणि लोकांना वाटतं वा, किती फुलं घातली असतील. पण जास्वंदीचा लाल रंग पाण्यात उतरतो, तेलात उतरत नाही. घरी खोबरेलात फुलं कढवून बघा, फुलं काळी पडतात आणि तेल होतं तपकिरी-हिरवट, लाल कधीच नाही. लाल दिसतंय म्हणजे रतनजोत, ती लाल रंग सोडणारी मुळी, घातलीय नाहीतर वरून रंग. रतनजोत वाईट नाही हो, पण मग तो जास्वंदीचा रंग म्हणून विकू नका ना.

घरी करणाऱ्यांसाठी, आयुर्वेदात तेल सिद्ध करायचं सर्वसाधारण माप ठरलेलं आहे, कल्क 1 भाग, तेल 4 भाग, द्रव 16 भाग. म्हणजे वाटलेली फुलं-पानं 100 ग्रॅम तर खोबरेल 400, आणि पानांचा काढा किंवा पाणी 1600. एवढं पाणी बघून सगळ्या दचकतात, पण ते सगळं मंद आचेवर आटवायचं असतं, म्हणून तर दिवस जातो त्यात. आणि खरी परीक्षा शेवटी, तळाचा कल्क चिमटीत घेऊन वळायचा, त्याची वात वळली पाहिजे, आणि ती वात विस्तवावर धरली तर तडतड आवाज यायला नको. आवाज आला म्हणजे पाणी राहिलंय, अजून ठेवा. तेल झालं की वर फेसही येतो. पाणी राहिलेलं तेल महिन्यात खवट होतं नाहीतर बाटलीच्या तळाशी बुरशी धरते, आणि मग म्हणतात घरचं तेल टिकत नाही. त्यापेक्षा पुढे जाऊन कल्क करपवला तर तेही वायाच, जळका वास जात नाही त्याचा.

पोटात घ्यायचं म्हटलं की मी जास्त जपून बोलते. जुन्या बायका अंगावरून जास्त जात असेल तर जास्वंदीच्या कळ्या तुपावर परतून खडीसाखरेबरोबर द्यायच्या, धुपणीला, म्हणजे अंगावरून पांढरं जात असेल तर, पांढऱ्या जास्वंदीच्या कळ्या दुधात वाटून. वैद्यसुद्धा देतात, आणि भावप्रकाशातल्या त्या संग्राही गुणाशी हे अगदी जुळतं. पण अंगावर महिनोन्महिने जातंय आणि आपण घरात कळ्या वाटत बसलोय असं करू नका गं, आधी तपासून घ्या, हिमोग्लोबिन बघा, सोनोग्राफी करा, गाठ असेल तर कळ्यांनी काय होणार. आणि ज्यांना दिवस गेलेत किंवा जायला हवे आहेत त्यांनी तर जास्वंद पोटात घेऊच नये. बनारस हिंदू विद्यापीठात 1970 च्या दशकात उंदरांवर काम झालंय, फुलाच्या अर्काने मादीमध्ये गर्भ रुजायलाच अडथळा येतो असं दिसलं होतं. हल्ली रीलवर सातव्या महिन्यातल्या बाईला जास्वंदीचा चहा प्यायला सांगतात, मला ते बघून धडकीच भरते. शुगरच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनीही डॉक्टरांना विचारूनच, प्राण्यांवरच्या प्रयोगांत साखर उतरलेली दिसलीय.

बाकीच्यांनी जास्वंदीचा गुलकंद मात्र थोडासा खायला हरकत नाही, पाकळ्या आणि खडीसाखर थर देऊन काचेच्या बरणीत उन्हात. हिरवा देठाचा भाग आणि मधली पुंकेसरांची दांडी काढून टाका.

फूल कुठलं हा शेवटचा मुद्दा, पण महत्त्वाचा. वैद्य घेतात ती साधी पाच पाकळ्यांची लाल गावठी, नर्सरीतली ताटाएवढी केशरी-पिवळी हायब्रीड नाही. आणि बाजारातल्या कळ्या देवाला ठीक, पोटात नको, कारण जास्वंदीवर पिठ्या ढेकूण इतका पडतो की फवारणी झालेली असणारच. त्यापेक्षा आषाढात शेजारच्या गावठी झाडाची पेन्सिलीएवढी जाड फांदी मागून आणा, खालची पानं काढून तिरका काप द्या आणि कुंडीत खोचा, जास्वंद बी फारसं धरतच नाही, फांदीनेच वाढते. पिठ्या ढेकूण दिसला की नळाचा जोरात फवारा, मग साबणाचं पाणी पानांच्या खालून, दर चार दिवसांनी. पहिल्या वर्षी फुलं सगळी गणपतीला जाऊ देत, केसांसाठी पानं तर लगेच मिळायला लागतात.