तर्रीविना पोहे

दोन वर्षांपूर्वी ठाण्याहून नागपुरात शिकायला आलो, तेव्हा प्रवेश अर्जात धर्माच्या रकान्यात मी ‘ज्यू’ लिहिले होते. खिडकीपलीकडच्या लिपिकांनी ते, एका मुलाची चूक सुधारत असल्याच्या थाटात, खोडून ‘जैन’ केले. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला आहे, असे मी सांगितल्यावर त्यांनी माझे आडनाव पुन्हा वाचले आणि म्हणाले, “अरे, हे तर आपल्यातलेच आडनाव आहे.”

त्यांचे म्हणणे खोटेही नव्हते. आम्ही बेने इस्राएल. अलिबागजवळ नौगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, त्यातून वाचलेल्या सात पुरुष व सात स्त्रियांपासून आमचा समाज वाढला, अशी आमची परंपरागत कथा आहे. कोकणात आमचे पूर्वज तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. ज्या गावात राहिले त्या गावाला ‘कर’ जोडून त्यांची आडनावे झाली.

ठाण्यात ज्यू असण्यासाठी मला वेगळे काही करावे लागत नसे. १८७९ पासूनचे सिनेगॉग, म्हणजे आमचे प्रार्थनास्थळ, गावातच होते, सणाला बाबांच्या मागून जायचे, इतकेच. नागपुरात मात्र सामूहिक प्रार्थनेसाठी लागणारे दहा प्रौढ पुरुष, म्हणजे मिन्यान, मला कधी जमवता आले नाही. दहांतला एक मी, बाकीचे नऊ कोठून आणायचे? आजीची पहिली पुण्यतिथी परीक्षेच्या दिवसांत आली. मृतांसाठी म्हणावयाचा कद्दीश मिन्यानाशिवाय म्हणता येत नाही, त्यामुळे त्या रात्री वसतिगृहाच्या गच्चीवर मी फक्त ‘शेमा इस्राएल’ म्हटले. आमच्या समाजाला हिब्रूचा विसर पडला होता, त्या काळातही हीच प्रार्थना तोंडी टिकून राहिली असे सांगतात. लहानपणी ही गोष्ट मला काहीशी लाजिरवाणी वाटे, आता वाटत नाही.

शब्बाथचेही, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्ताला दिवा लावून सुरू होणाऱ्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचेही, तसेच. डिसेंबरात नागपूरचा सूर्य ठाण्यापेक्षा जवळजवळ अर्धा तास आधी मावळतो, म्हणून आईचा ‘दिवा लावलास का?’ हा फोन येतो, तेव्हा माझा शब्बाथ सुरू होऊन बराच वेळ झालेला असतो.

गेल्या महिन्यात निकाल चांगला लागला आणि आईने बोललेला एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे प्रेषित एलियाचा, नवस फेडायचा, म्हणून खोलीतच मलिदा केला. मलिद्याला शेगडी लागत नाही, ही वसतिगृहाच्या नियमांच्या दृष्टीने मोठीच सोय. इतवारीतून आणलेले पोहे भिजवले, खानावळीतल्या मावशींची खवणी मागून नारळ खवला, साखर, वेलची व बदामाचे काप घालून सारे हाताने कालवले आणि भोवती फळे मांडली. संत्र्यासाठी झाडाच्या फळाची बेराखा, म्हणजे खाण्यापूर्वीची आशीर्वादाची प्रार्थना, आणि केळ्यासाठी जमिनीतून उगवणाऱ्याची, हा भेद आजीने शिकवला होता, पण कोणती आधी म्हणायची हे आठवेना. शेवटी आईला फोन करून विचारले, तोवर तिन्ही मित्र ताटाकडे पाहत निमूट बसले होते.

प्रार्थना संपल्यावर मी प्रत्येकाच्या तळहातावर मलिदा ठेवला. वर्ध्याच्या मित्राने पहिला घास घेतला, थोडा वेळ चावला आणि अतिशय गंभीरपणे विचारले, “पोहे गोड कायले केले बे? तर्री नाही का?”