आधी गिऱ्हाईक, मग सोल्डरिंग: गटप्रकल्पातून धंदा शिकवताना

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना उद्योजकता शिकवायची म्हटलं की बहुतेक ठिकाणी दोनच गोष्टी होतात. मार्केटिंग आणि फायनान्सची आठ-दहा व्याख्यानं, आणि शेवटी पिच स्पर्धा. व्याख्यानं परीक्षेपुरती लक्षात राहतात, आणि स्पर्धेत देखण्या स्लाइड्स बाजी मारतात. कोणता पार्ट घ्यायचा, जोडणीला किती मिनिटं लागणार, बसवल्यावर सेटिंग कोण करणार, हे प्रश्न दोन्हीकडे राहूनच जातात. धंद्याचा नफा-तोटा तर बहुतांशी तिथेच ठरतो. म्हणून एका गटाने एकच वस्तू धरावी आणि ग्राहक शोधण्यापासून खर्चाच्या ताळेबंदापर्यंत सगळं स्वतः करावं, हाच मार्ग मला पटतो. १४ आठवड्यांच्या सत्रात तो बसतो, पण क्रम पाळावा लागतो.

गट पाच जणांचा असावा. तिघांच्या गटातला एक जण गळाला की काम थांबतं, आणि सात जण असले की दोघं सहज लपतात. गट शिक्षकाने पाडावेत. मित्र-मित्र एकत्र आले की सगळ्यांना सर्किट येतं आणि फोन उचलून अनोळखी माणसाशी बोलायला कोणीच तयार नसतं. गट पाडताना गुणांपेक्षा मोकळ्या वेळेकडे बघा. आठवड्यात पाचही जण एकत्र रिकामे असतील असे निदान तीन तास हवेत, नाहीतर उरलेलं नियोजन कागदावरच राहतं. वर्गात मुली कमी असतील तर प्रत्येक गटात एकेक वाटून देऊ नका. एकट्या मुलीकडे टिपणं आणि सादरीकरण येतं, वर्कशॉपचं काम येत नाही. पहिल्याच आठवड्यात एक पानी करार लिहून घ्यावा: भेटायची वेळ, मतभेद झाल्यावर निर्णय कोणाचा, सलग दोन आठवडे गैरहजर राहिलेल्याचं काय, आणि प्रकल्पाचं पुढे काही झालंच तर हक्क कोणाचा. शेवटच्या कलमावर पहिल्या आठवड्यात कोणी भांडत नाही, म्हणून ते तेव्हाच लिहायचं.

दुसरा ते चौथा आठवडा फक्त मुलाखती. लॅब बंद, म्हणजे अक्षरशः बंद. विद्यार्थ्याला मोकळं सोडलं की तो वस्तू बनवायला बसतो, आणि एकदा बनवलेल्या वस्तूवर जीव जडला की ती नको आहे हे त्याला ऐकूच येत नाही. उद्योजक आणि शिक्षक स्टीव्ह ब्लँक यांनी २०११ मध्ये स्टॅनफर्डमध्ये ‘लीन लाँचपॅड’ हा अभ्यासक्रम सुरू केला तो याच विचाराने. त्याच वर्षी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने (संशोधनाला निधी देणारी सरकारी संस्था) संशोधकांना ग्राहक शोधायला शिकवणाऱ्या ‘आय-कॉर्प्स’ कार्यक्रमासाठी ती पद्धत उचलली. तिथे गटाकडून सुमारे सात आठवड्यांत १०० मुलाखतींची अपेक्षा असते. इतर विषय सांभाळणाऱ्या पदवीच्या गटाला ते झेपणार नाही, पण तीन आठवड्यांत १५ मुलाखती नक्की होतात. नातेवाईक, वर्गमित्र आणि शिक्षक धरायचे नाहीत. ऑनलाइन फॉर्म भरून घेणं ही मुलाखत नव्हे. फॉर्मवर ‘हो, विकत घेईन’ वर टिक करायला काहीच लागत नाही.

मुलाखतीला दोघांनी जावं, एकाने विचारावं आणि दुसऱ्याने समोरच्याच्या शब्दांत लिहून घ्यावं. आपल्या कल्पनेचं नाव काढायचं नाही. ‘असं यंत्र असलं तर घ्याल का?’ हा प्रश्न बाद. विचारायचं ते घडून गेलेल्याबद्दल: हा त्रास शेवटचा कधी झाला, तेव्हा काय केलंत, किती वेळ गेला, पैसे कोणाला दिले, त्याआधी काय करून पाहिलं होतं. वहीत तीन रकाने आखावेत: तो काय म्हणाला, त्याने प्रत्यक्षात काय केलं, आणि आपण काय समजलो. पहिला आणि तिसरा रकाना एकमेकांत मिसळला की अहवालात सगळेच ग्राहक उत्साही दिसू लागतात.

एक उदाहरण जवळून पाहू. एका गटाने ठरवलं, पाण्याचा पंप कोरडा चालू लागला की तो बंद करणारं उपकरण करायचं. कोरड्या पंपात मेकॅनिकल सीलला (फिरत्या दांड्यापाशी पाणी अडवणारा भाग) थंडावा मिळत नाही आणि तो जळतो, म्हणजे समस्या खरी आहे. गटाची पहिली कल्पना सोपी असते: मोटरच्या वायरला करंट ट्रान्सफॉर्मर (वायर न तोडता करंट मोजणारं साधन) लावायचा, पाणी संपलं की मोटरवरचा भार कमी होतो, करंट घटतो, की रिले (विजेवर चालणारा स्विच) सोडून मोटर बंद करायची. पण छोट्या सिंगल-फेज मोटरमध्ये चुंबकीय क्षेत्रासाठीच बराच करंट लागतो, त्यामुळे ती कोरडी चालतानाही एकूण करंट फारसा पडत नाही. फरक दिसतो तो खऱ्या पॉवरमध्ये, म्हणजे प्रत्यक्ष कामाला लागणाऱ्या विजेत. ती मोजायची तर व्होल्टेजही मोजावं लागतं, म्हणजे पार्ट वाढले. शिवाय बंद होण्याची पातळी प्रत्येक पंपाला वेगळी. ती बसवायला जाणकार माणूस गेला तर त्याच्या फेरीचा खर्च वस्तूवर चढणार, आणि उपकरणाने पहिल्या दिवशी पाणी असताना ती स्वतः नोंदवली तर फर्मवेअरचं (उपकरणातल्या प्रोग्रॅमचं) काम वाढेल पण फेरी वाचेल. हा निर्णय अभियांत्रिकीचा की धंद्याचा? गटाला एवढा एक प्रश्न नीट सोडवायला लावला तर मार्केटिंगच्या तासांपेक्षा जास्त शिकून होतं.

मुलाखतींतून आणखी एक गोष्ट हाती लागते. पंप चालू-बंद करणारा एक, बिल भरणारा दुसरा, आणि कोणतं उपकरण घ्यायचं ते सांगणारा बहुधा दुरुस्ती करणारा मिस्त्री. पंप जळले की त्या मिस्त्रीला काम मिळतं. त्याला आपलं उपकरण का सुचवावंसं वाटेल, याचं उत्तर गटाकडे नसेल तर विक्री होणार नाही.

पाचव्या आठवड्यात थांबा, वळा की पुढे जा, हे ठरवायचं. गटाने तीन पानांत पुरावा मांडावा आणि स्वतः निर्णय घ्यावा. ‘थांबतो’ म्हणणाऱ्या गटाला पुरावा पक्का असेल तर पूर्ण गुण मिळतील, हे आधीच जाहीर करा आणि तसे खरंच द्या. नाहीतर कोणीही थांबणार नाही.

सहावा ते आठवा आठवडा नमुन्याचा, म्हणजे प्रोटोटाइपचा. उद्देश एकच: ज्या गृहीतकावर सगळं टेकलं आहे ते तपासणं. पंपाच्या बाबतीत ते गृहीतक म्हणजे पाणी असणं-नसणं विजेवरून ओळखता येतं की नाही. खोका कसा दिसतो याचा इथे संबंध नाही. ॲप तर लांबच. जवळजवळ प्रत्येक गट ॲप जोडू पाहतो, कारण तो स्क्रीनवर चांगला दिसतो. एकाही मुलाखतीत मागितला नसेल तर कापा.

नवव्या आठवड्यात खर्चाचा तक्ता, आणि इथे घाई करू नका. चलन कोणतंही धरा. गट सांगतो: पार्टचे ४२०, विक्री १०००, नफा ५८०. साचा आणि चाचणी-प्रमाणपत्र मिळून स्थिर खर्च ६०,००० धरला तर १०४ नग विकले की आपण बरोबरीत, म्हणजे ना नफा ना तोटा. आता याच तक्त्यावर विद्यार्थ्यांना एकेक ओळ भरायला लावा. जोडणी ३५ मिनिटं आणि तपासणी १० मिनिटं, तासाला १६० प्रमाणे १२०. शंभरातले पाच नग तपासणीत बाद होतात, त्याचा बोजा चांगल्या नगांवर २८. पॅकिंग ४०, वाहतूक ६०. शंभरातले तीन वॉरंटीत परत येतात, त्याचे २०. एकूण ६८८. विक्रेत्याचं मार्जिन विक्री किमतीच्या ३० टक्के, म्हणजे आपल्या हाती ७००. उरले १२. बरोबरीला आता १०४ नव्हे, ५००० नग लागतात. कर तर अजून धरलाच नाही.

जोडणीचा वेळ विद्यार्थी नेहमी कमी लिहितात, कारण त्यांनी एकच नग केलेला असतो आणि तोही प्रेमाने. स्टॉपवॉच लावून सलग पाच नग जोडायला सांगा आणि शेवटच्या तिघांची सरासरी घ्या. पार्टचा भावही एका नगाचा नको, १००० नगांचा आणि कमीत कमी किती घ्यावे लागतील त्यासकट हवा. मार्जिनची गल्लतही ठरलेली: खरेदीवर ३० टक्के चढवणं आणि विक्रीवर ३० टक्के ठेवणं यात ७०० च्या मालावर ९० चा फरक पडतो. पहिल्यात दुकानातला भाव ९१० होतो, दुसऱ्यात १०००.

मग गटाला विचारा, आता काय? किंमत १३०० केली तर विक्रेत्याचा वाटा जाऊन ९१० येतात, नगामागे २२२ उरतात आणि २७१ नगांत बरोबरी होते, पण १३०० ला घेणारे किती, याचं उत्तर मुलाखतींच्या वहीतूनच यायला हवं. दुसरा रस्ता रचनेचा. हाताने जोडायच्या वायरी काढून सगळं एका बोर्डवर आणलं आणि जोडणी-तपासणी ४५ मिनिटांवरून २० वर आली, तर मजुरी ५३ होते, बाद नगांचा बोजा २५, वॉरंटीचा १८. एकूण ६१६, उरतात ८४, बरोबरी ७१५ नगांना. वायरी काढून सगळं एका बोर्डवर आणल्याने बरोबरीचा बिंदू ५००० वरून ७१५ वर येतो, हे स्वतःच्या तक्त्यात बघितलेला विद्यार्थी पुढच्या डिझाइनला वेगळ्या नजरेने बसतो. तक्ता दोनदा मागवा, नवव्या आणि तेराव्या आठवड्यात, आणि प्रत्येक बदललेल्या आकड्यापुढे कारण लिहून घ्या.

दहावा ते बारावा आठवडा विकून बघण्याचा. ‘छान आहे’ याला शून्य किंमत. समोरच्याने काही गमावलं तरच तो पुरावा: परत भेटायला वेळ दिला, स्वतःच्या पंपावर लावू दिलं, ओळखीच्या दुसऱ्याचा नंबर दिला, लेखी मागणी दिली, आगाऊ रक्कम दिली. प्रत्येक गटाने निदान दहा जणांकडे ठरलेल्या किमतीला मागणी करावी आणि आलेला प्रत्येक नकार कारणासकट नोंदवावा. आगाऊ रक्कम घेतली तर परतीची तारीख पावतीवर हवी. आणि विजेच्या मेन्सला जोडलेलं विद्यार्थ्यांचं उपकरण कोणाच्याही घरी किंवा कारखान्यात सोडू नका. चाचणीसाठी वायरवर वरून चिमटणारा करंट ट्रान्सफॉर्मर, बॅटरीवर चालणारं सर्किट आणि फक्त दिवा. यात व्होल्टेज मोजता येत नाही, म्हणून खऱ्या पॉवरची पद्धत आणि पंप तोडणारा रिले लॅबमध्येच, शिक्षकांसमोर.

बाजार किती मोठा, या प्रश्नावर ‘एकूण बाजाराचा फक्त १ टक्का मिळाला तरी’ हे वाक्य आलं की तक्ता परत करा. पहिल्या वर्षी आपण किती जणांपर्यंत पोहोचू आणि त्यातले किती घेतील, असं खालून मोजायचं. ‘स्पर्धक नाही’ हेही चालत नाही, कारण काहीच न करणं हा सगळ्यात तगडा स्पर्धक असतो.

गुणांची विभागणी अशी ठेवता येते: मुलाखतींची वही आणि त्यावरून काढलेले निष्कर्ष २५, नमुना आणि चाचण्या २०, खर्चाचे दोन तक्ते २०, विक्रीचा प्रयत्न २०, वैयक्तिक १५. विक्री किती झाली याला गुण नाहीत. सहकाऱ्यांचं मूल्यमापन दोनदा घ्यावं, सातव्या आठवड्यात गुणांशिवाय आणि शेवटी गुणांसकट. पाच जणांत १०० गुण वाटा म्हटलं की सगळे संगनमताने २०-२० लिहितात. त्यापेक्षा ठरलेलं काम वेळेवर दिलं का, अडचण आधी कळवली का, असे पाच-सहा वर्तनाचे प्रश्न विचारा आणि प्रत्येक टोकाच्या उत्तराला एक प्रसंग लिहायला लावा. व्यक्तीची सरासरी भागिले गटाची सरासरी हा गुणक ०.८ ते १.१ मध्ये बांधून ठेवायचा. गटाला ७० आणि गुणक ०.८६ असेल तर त्या विद्यार्थ्याला ६०. सातव्या आठवड्याची फेरी टाळली की शेवटचा गुणक हा नुसता सूड ठरतो.

शिक्षकाचा वेळही आधी मोजा. आठ गट, प्रत्येकी २० मिनिटं, म्हणजे आठवड्याला दोन तास चाळीस मिनिटं फक्त बैठका, वह्या वाचणं वेगळं. एका शिक्षकाला याहून जास्त गट देऊ नयेत. उद्योगातले मार्गदर्शक बोलावले तर दोघं हमखास उलटे सल्ले देतात. ते वाईट नाही. गटाने दोन्ही लिहून घ्यावेत, कोणता का नाकारला ते लिहावं, आणि मार्गदर्शकाने निर्णय गटावर सोडावा.

शेवटच्या सादरीकरणाला पाच मिनिटं पुरे, प्रश्नांना दहा, आणि टेबलावर तेराव्या आठवड्याचा तक्ता. ते खुलं ठेवण्याआधी पेटंटचा विचार केलेल्या गटाला बाजूला घेऊन विचारा. बहुतेक देशांत अर्ज करण्याआधी शोध जाहीर झाला की त्याचं नावीन्य जातं आणि पेटंट मिळत नाही. अमेरिकेत १२ महिन्यांची सवलत आहे, पण तिच्या भरवशावर इतर देशांत अर्ज करता येत नाही. प्रकल्पाला कंपनीने पैसे दिले असतील तर हक्कांचा कागद पहिल्या आठवड्यातच सही झालेला हवा, आणि तो कागद विद्यार्थ्यांनी स्वतः वाचलेला हवा.