उंच उडीतला अर्धा गुण

आमच्या आंतरमहाविद्यालयीन मैदानी स्पर्धेचा सांघिक गुणतक्ता मी इतकी वर्षे एक्सेलमध्ये करत असे. यंदा त्यासाठी एक छोटी संगणकप्रणाली स्वतःच लिहिली. धावण्याच्या शर्यतींनी फारसा त्रास दिला नाही. एवढेच, की स्टॉपवॉचवर १०.११ सेकंद दिसले तरी नियमाप्रमाणे १०.२ नोंदवायचे असतात, म्हणजे नेहमीचे पूर्णांकन इथे चालत नाही.

कसोटी लागली ती उंच उडीत. दोघी खेळाडूंनी पार केलेली शेवटची उंची १.४५ मीटर असेल, तर आधी त्याच उंचीवर कोणाच्या फसलेल्या उड्या कमी हे पाहायचे, तरीही बरोबरी राहिल्यास तोपर्यंतच्या एकूण फसलेल्या उड्या मोजायच्या; त्यामुळे केवळ अंतिम उंची साठवून भागत नाही, प्रत्येक प्रयत्नाची शून्य-फुलीची नोंद (शून्य म्हणजे यशस्वी उडी, फुली म्हणजे फसलेली) जशीच्या तशी ठेवावी लागते. आमच्याकडे एवढे करूनही दुसऱ्या क्रमांकाची बरोबरी सुटली नाही. ५-३-२-१ या आमच्या गुणपद्धतीत तीन आणि दोन यांची बेरीज निम्मी करून प्रत्येकीला अडीच गुण मिळायला हवे होते, परंतु गुणांचा रकाना मी पूर्णांकांचा ठेवला होता (चूक सर्वस्वी माझी) आणि दोन्ही संघांचा अर्धा अर्धा गुण निमूटपणे गळाला. तो सापडला नोंदीच्या टेबलावर बसलेल्या सरांच्या, पेन्सिलीने लिहिलेल्या वहीत.